दोन खुर्च्यांचा आडोसा

सुतार झुलू भिंतीला पाठ टेकून उभा होता. कानामागे पेन्सिल, हातात टेप.
"मॅडम, आज बुधवार. लाकूड कापायला घेतलं की मला मागे फिरता येणार नाही. सगळ्यांना मिळून लांब टेबलं करू की एकेकीला बसायला वेगळे कप्पे?"
"उद्या सांगते," मुतिंता म्हणाली.
"हे तुम्ही सोमवारीही म्हणालात."

झांबियाच्या राजधानीतला, लुसाकातल्या नॉर्थमीड भागातला तिसऱ्या मजल्यावरचा हा हॉल, नवऱ्यांचा मार खाणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनला मिळाला होता. जुनं घर मालकाने काढून घेतलं, म्हणून घाईघाईने सहा फोन इथे आणून उसन्या टेबलांवर मांडले होते. ते वाजतही होते. सहा मुली सहा फोनांवर हळू आवाजात बोलत होत्या, आणि त्यांची प्रमुख असलेल्या मुतिंता हामूंगाला या सगळ्यांना कसं बसवायचं ते ठरवता येत नव्हतं.

संचालक सिल्वाम्बा साहेबांचं मात्र कधीच ठरलेलं होतं. त्यांना मोकळा हॉल हवा होता. पाहुणे आले की दारातूनच सगळं काम दिसेल, छान वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मुतिंतालाही मोकळाच हॉल हवा होता, पण तिचं कारण वेगळं होतं. तिचं कारण म्हणजे नालिशेबो.

जुन्या घरात प्रत्येकीला वेगळी खोली होती आणि दार लावून घ्यायची पद्धत होती. गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात नालिशेबोने सकाळी दहाला एक फोन घेतला. पलीकडची बाई बोलता बोलता दार फुटल्याचा आवाज आला, मग तिच्या किंकाळ्या, आणि मग काहीच नाही. नालिशेबो रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिली. एक वाजेपर्यंत. मुतिंता शेजारच्याच खोलीत होती. जेवायला हाक मारायला म्हणून तिने दार उघडलं, तर ती पोरगी डोळे उघडे ठेवून बसलेली, आणि रिसीव्हर हातातून सोडवता सोडवेना. आता ती मोंगूला, आपल्या गावी, आईकडे असते. बोलत नाही.

तीन तास! मधे एक लाकडी दार. म्हणून मुतिंताने मनाशी म्हटलं होतं, आता आडोसा नको. माझ्या मुली मला डोळ्यांसमोर हव्यात.

मग अडत कुठे होतं? अडत होतं ते आवाजापाशी. एकीच्या फोनवर दुसरीचं बोलणं जात होतं.

त्या बुधवारी साडेअकराला इनोंगेचा फोन वाजला. इनोंगे सगळ्यांत लहान, पण ऐकून घेण्यात सगळ्यांत मुरलेली. मुतिंता तिच्या मागेच फाइल चाळत होती.

"बोल गं, ऐकतेय मी," इनोंगे म्हणाली. "नाही, इथे कोणी नाही. मी एकटीच ऐकतेय."

बाई कुजबुजत होती. चुंगा वस्तीत राहते, चर्चच्या मागे. तीन दिवस झाले, तो बाहेरून कडी लावून जातो. मुलीला ताप आहे. तो दुपारी परत येईल. काल म्हणाला, उद्या संपवतो तुम्हा दोघींना.

"कुठल्या चर्चच्या मागे? घाई नाही, सावकाश सांग."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कासुबाच्या फोनला खरखर आली आणि ती ओरडली, "मोठ्याने बोला! नवऱ्याचं नाव काय म्हणालात?" आणि भिंतीपाशी झुलूने टेप ओढून स्वतःशीच आकडा म्हटला, "दोन मीटर चाळीस!"

इनोंगेने झटकन रिसीव्हरभोवती तळहात धरला.

"नाही, नाही, तो सुतार आहे... अगं, ऐक! कोणी सांगणार नाही त्याला. ऐक ना, बाई..."

तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही. मुतिंतानेच तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. फोन बंद झाला होता. नंबर लपवलेला होता.

"ती म्हणाली, पुरुष आहे तिथे," इनोंगे पुटपुटली. "म्हणाली, तुम्ही खोटं बोललात. मायो, मी खोटंच बोलले ना?"
ऑफिसातल्या सगळ्या मुली मुतिंताला आईला म्हणावं तसं 'मायो' म्हणत.
"उठ. पर्स घे," मुतिंता म्हणाली.

तिने त्या भागातल्या चौकीला फोन केला. हवालदाराने विचारलं, घर नंबर? नाव? तिच्याकडे दोन्ही नव्हतं. मग दोघी मिनीबसने चुंगाला गेल्या. तिथे चर्च एक नव्हतं, चार होती. प्रत्येकाच्या मागे पत्र्याची घरं, एकाला एक चिकटून. दोघी बाहेरून कडी घातलेलं दार शोधत फिरल्या. बहुतेक दारांना बाहेरून कडीच होती, कारण माणसं कामाला गेलेली. इनोंगे प्रत्येक दारावर थाप मारून म्हणत होती, "आत कोणी आहे का? मी सकाळची. फोनवरची." आतून कुठूनच आवाज आला नाही.

टोमॅटो विकणाऱ्या एका बाईला मुतिंताने विचारलं, "इकडे कुठल्या घरात नवरा बायकोला कोंडून मारतो का?"
ती टोमॅटोंचे ढीग लावता लावता म्हणाली, "या गल्लीतलं सांगू, का पुढच्यातलं?"

तिने दाखवलेल्या तीन घरांपैकी एका घरातल्या बाईने दार उघडलं आणि यांच्या तोंडावर लावून घेतलं. उरलेली दोन रिकामी होती. चार वाजले. इनोंगे रस्त्याकडेला बसून रडायला लागली आणि मुतिंता तिच्याजवळ नुसती उभी राहिली. दुपार होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झुलूला सांगितलं, "कप्पे कर."
"किती उंच? बसल्यावर खांद्याएवढे?"
"त्याने आवाज थांबेल?"
"छे! आवाज थांबवायचा तर फळी पार वर न्यायला हवी, आत गादी ठोकायला हवी. पण मग आतलं माणूस दिसणार नाही. एका फळीत दोन्ही नाही जमत, मॅडम."
मुतिंताने एक रिकामी खुर्ची ओढून इनोंगेच्या खुर्चीशेजारी ठेवली.
"वरपर्यंत ने. आणि प्रत्येक कप्पा दोन खुर्च्या मावतील एवढा रुंद कर. एक बोलेल. दुसरी नुसती बसेल तिच्याजवळ."
झुलूने टेप लावला. "मग सहा नाही होणार. तीनच."

सिल्वाम्बा साहेब भडकले. "सहा मुलींना तीन फोन? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"
"आहे, साहेब."
"निम्म्या बायकांना लाइन बिझी मिळेल. त्यांनी कुठे जायचं?"
"मला माहीत नाही."
"माहीत नाही म्हणजे?"
"म्हणजे माहीत नाही! बसवा तुम्ही सहाजणींना एकेकटं आणि घ्या नालिशेबोसारख्या आणखी सहा. नाहीतर बसवा मोकळ्यावर. मग कालच्या बाईचं काय झालं ते मला येऊन सांगा."
साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." त्यांची सही झाली.

सोमवारी तीन कप्पे उभे राहिले. लाकडाचा आणि डिंकाचा ताजा वास. आतलं बोलणं बाहेर अजिबात येत नव्हतं. पहिल्या कप्प्यात इनोंगे आणि कासुबा. दार लागता लागता मुतिंताला दिसलं, इनोंगे फोन उचलतेय आणि कासुबाने तिच्या पाठीवर हात ठेवलाय. बुधवारपासून चुंगाच्या त्या बाईचा फोन आला नव्हता. आला असेल, तर तो कोणी उचलला नव्हता.

ती जिन्यात गेली. मोबाइल काढून तिने स्वतःच्याच हेल्पलाइनचा नंबर लावला. लाइन व्यस्त. तिने पाच मिनिटं थांबून पुन्हा लावला. व्यस्त. खाली रस्त्यावर दुपारची गर्दी होती. तिने पुन्हा लावला.