रांगेतलं वाहन

गाडीचं वय वीस, बायकोच्या कमरेतल्या नव्या सांध्याचं दीड. दोघींना घेऊन फूटपट्टी सकाळी नऊच्या आत धूर तपासणी केंद्रावर पोचले, तर पुढे तीसएक गाड्या आधीच उभ्या.

पाणी खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. छत्तीस वर्षं शहराच्या नळांच्या रेघा मारल्या. फूटपट्टी हे नाव तिथलंच. नोकरीत असेपर्यंत लोक ते पाठीमागे घेत, निवृत्तीनंतर तोंडावर घेऊ लागले. त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही अंगात दम लागतो.

आज शेवटचा दिवस होता. जुन्या गाडीला आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहायचं तर आधी तिचा धूर मोजून घ्यायचा, मग पलीकडच्या नोंदणी खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा. खिडकी पाचला बंद. शिक्का नसला तर उद्यापासून ती 'मुदत संपलेलं वाहन'. रस्त्यावर दिसली की क्रेन येणार आणि उचलून भंगारात टाकणार. याआधी ते दोनदा येऊन गेले होते. पहिल्या खेपेला अर्जाचा नमुना बदलला होता, दुसऱ्या खेपेला यंत्र आजारी होतं.

"बाबा, नवी घ्या ना एखादी," असं मुलीने फोनवर सांगून झालं होतं. फूटपट्टी टेप घेऊन सात शोरूम हिंडून आले. सर्जनने एकच गोष्ट बजावली होती: बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. नव्या गाड्या दोन जातींच्या निघाल्या. एकीत विहिरीत उतरावं तसं उतरायचं, दुसरीत माळ्यावर चढावं तसं चढायचं. घरच्या गाडीची सीट जमिनीपासून बरोबर चोपन्न सेंटीमीटर. बायको पाठमोरी टेकायची, पाय आत घ्यायची, झालं. आठवड्यातून तीनदा ती अशी पोहण्याच्या तलावावर जायची. छातीभर पाण्यात ती वॉकरशिवाय, कुणाच्याही हाताशिवाय चाळीस मिनिटं चालायची, आणि उरलेला आठवडा त्या चाळीस मिनिटांवर काढायची. एकदा टॅक्सी करून पाहिली. उतरवताना टॅक्सीवाल्याने आणि फूटपट्टींनी मिळून तिला पोत्यासारखं ओढलं. त्यानंतर दोन आठवडे तिने तलावाचं नाव काढलं नाही.

आदल्या दिवशी मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, गाडी गरम न्या. गार इंजिन ओकतं." म्हणून ते मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले होते. गरम गाडी आणली, आज्ञा पाळली. रांगेत लागताच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ उघडा टाकून गावाला जाणं. सिग्नल लागला की किल्ली बंद, फाटक लागलं की बंद, समोरच्याने पत्ता विचारायला गाडी थांबवली तरी बंद. रांग हलली की ते खाली उतरत, दाराच्या चौकटीला खांदा देत आणि एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी पुढे लोटत. आत बायको, मागच्या सीटवर घडी घातलेला तिचा चाकांचा वॉकर. बाकीच्या गाड्या, आपण धूर सोडत नाही हे सिद्ध करण्यासाठी, तीन तास धूर सोडत उभ्या होत्या.

मागच्या व्हॅनमधल्या पाववाल्याने मान बाहेर काढली. तो पहाटे दोनपासून जागा होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"काका, अशीच ढकलत आत न्या. धूर शून्य येईल. बक्षीस देतील."

"पेट्रोल फुकट मिळत नाही बाबा."

"खांदा मिळतो वाटतं फुकट?" बायको आतून म्हणाली.

बारा वाजता नंबर लागला. तपासनीस बारीक, पिवळट चेहऱ्याचा माणूस होता. त्याने धुराच्या नळीत यंत्राची नळी खुपसली, इंजिन चालू करायला लावलं आणि वळून खोकला. यंत्राने विचार केला.

"चार पूर्णांक दोन. मर्यादा साडेतीन. नापास."

"इंजिन गार पडलंय हो," फूटपट्टी म्हणाले. हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि बोलताच ते आधीपासून माहीत असल्यासारखं वाटलं.

"असेल. पण गार पडलंय असा रकाना नाही." तपासनीस पुन्हा खोकला. "त्याच दिवशी एकदा फेरतपासणी करता येते. रांगेच्या शेवटून या."

पाववाल्याचीही व्हॅन नापास झाली. दोघं पुन्हा एकामागे एक लागले. फूटपट्टींनी मेकॅनिकला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं.

"ढकलत? तीन तास? साहेब, धन्य आहे तुमची!"

"आता काय करू ते सांग. इंजिन चालू ठेवून उभा राहू?"

"नको, नको! तुमचा रेडिएटर म्हातारा आहे, उभ्या उभ्या पाणी उकळेल. वीस मिनिटं तिसऱ्या गिअरमध्ये पळवा. ओरडली तरी दया करू नका. आणि तशीच थेट आत घाला, बंद न करता."

म्हणजे रांग सोडायची. सोडली की पुन्हा शेवटून, आणि तेवढा दिवस शिल्लक नव्हता. पावणेचारला पुढे सहा गाड्या उरल्या, तरी फूटपट्टी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांनी मनातल्या मनात घरापासून तलावापर्यंतचा रस्ता मोजला. बाराशे मीटर. बायको वॉकरने चालत गेली तर पोचायला दीड तास, तेही पोचली तर.

"राहू दे," ते म्हणाले. "मुलीला सांगू. काहीतरी बघेल ती."

"वॉकर काढा," बायको म्हणाली.

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी वॉकर उघडून दिला. ती सवयीने सीटवरून फिरली, पाय टेकले आणि उभी राहिली. डॅशबोर्डवरचं टोकन घेऊन तिने वॉकरच्या दांडीत खोचलं.

"जा तुम्ही. मी धरते नंबर."

गेटवरचा गार्ड लगबगीने आला. "अहो मावशी, ही माणसांची रांग नाही. रांगेत वाहन पाहिजे."

"मग हे काय आहे? चार चाकं आहेत, दोन ब्रेक आहेत, बसायला सीट आहे." ती वॉकरच्या फळीवर बसली. "आणि धूर अजिबात नाही. मोजून घ्या."

मागून पाववाल्याने हॉर्न दिला. "माझी काही तक्रार नाही हो! मावशींचा नंबर माझ्या आधी आहे."

गार्डने गेटवरची नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. बहुधा तेही पहिल्यांदाच. "वाहन असं लिहिलंय," तो शेवटी म्हणाला. "कसलं ते नाही लिहिलं. पण रांग हलली की हलायचं. अडवायचं नाही."

फूटपट्टी निघाले. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पिळून काढली. इंजिन गळा काढून रडत होतं. वीस वर्षांत ते गाडीशी असं वागले नव्हते. पेट्रोलच्या काट्याकडे न बघण्याचा त्यांनी निश्चय केला आणि दर अर्ध्या मिनिटाला तो मोडला.

परत आले तेव्हा बायको रांगेत पहिली होती. सहा गाड्यांचं अंतर ती चालली होती. दर वेळी उठून, गाडीभर सरकून, पुन्हा फळीवर बसून. ओठ पांढरे पडले होते. पाववाला व्हॅनमधून उतरून तिच्यामागे उभा होता, पडली तर धरायला, आणि तसं दिसू नये म्हणून आभाळाकडे बघत होता.

"उशीर केलात," ती म्हणाली.

तपासनीसाने नळी खुपसली. यंत्राने या वेळी जास्तच विचार केला. "तीन पूर्णांक तीन. पास." त्याने कागद फाडून दिला. "पुढच्या वेळी रांगेत बंद करू नका. सगळेच चालू ठेवतात." आणि तो खोकला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फूटपट्टी नोंदणीच्या खिडकीसमोर आले, गाडी थांबवली, किल्ली फिरवली आणि सही करायला उतरले. शिक्का बसला. पाच वर्षं. कागदाची घडी खिशात घालून ते परत आले आणि किल्ली लावली. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा लावली. कण्हलीही नाही.

"बॅटरी," ते म्हणाले.

शेजारच्या सीटवर बसलेली बायको समोर बघत राहिली. "सांगितलं होतं ना, बंद करू नका."

"कोणी?"

"सगळ्यांनी."

गाडी चालू होते का, हे विचारणारा रकाना शिक्क्याच्या कागदावर नव्हता. पाववाला आला, त्याच्या मागून गार्ड आला. "काका, तुम्हाला ढकलायची हौसच आहे ना," पाववाला म्हणाला, "मग आज आम्हीही शिकतो." दोघांनी मागून खांदा दिला. उतारावर फूटपट्टींनी क्लच सोडला, गाडीला उचकी लागल्यासारखा हिसका बसला आणि ती चालू झाली. आरशात पाववाला गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

"उद्या तलाव आहे," थोड्या वेळाने बायको म्हणाली.

"आज एवढी चाललीस की."

"ते जमिनीवर. ते मोजणीत धरत नाहीत."

चौकात सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. फूटपट्टींचा हात आपोआप किल्लीकडे गेला. तिथे बायकोचा हात आधीच होता, किल्लीवर घट्ट मिटलेला, आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत तिने तो काढला नाही.