नऊची गाडी

वडापची गाडी डिझेलवर पळती असं लोकांना वाटतं. खोटं हाय. ती थापांवर पळती. बावीस वर्षं सोलापूर-मंगळवेढा वडाप मारलंय मी, मला न्हाय ठावं तर कुणाला?

वडाप म्हंजे सीटं भरली की सुटणारी गाडी. पण पयला बसणारा येडा नसतो. त्याला म्हाईत असतं, आपण बसलो की तासभर शिजलो. म्हणून कुणीच आधी बसत न्हाय, सगळे लांब हुबं राहून बघत बसतात. त्याच्यावर आमचा इलाज ठरल्याला. इंजिन चालू ठिवायचं, पाय दाबून घुर्र घुर्र करायचं, हाफ क्लचवर गाडी हातभर पुढं घ्यायची आन नरडं फाडायचं, "मंगळवेढा, मंगळवेढा, निघाली, निघाली!" माणूस पिशवी सावरत पळत येतंय. बसलं की गाडी परत हातभर मागं. दुसऱ्यासाठी परत पुढं. आमची जीप अशी मागं-पुढं करूनच निम्मी झिजली.

शेवटी त्या जीपचं पासिंग होईना. तवा आमची राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, आता इलेक्ट्रिकच घ्या. घरी चार्ज करायची, धूर न्हाय, आवाज न्हाय." पोरगी इंजिनिअरिंगला, मी सातवी नापास. घेतली. ड्रायव्हर धरून सात सीटं, पांढरी फेक, एसी असा की मे महिन्यात सोलापुरात शाल मागावी.

पयल्या दिवशी नंबरला लावली. आठ ते नऊ माझा नंबर. मी बोंबललो, "निघाली, निघाली!" एक मास्तर खिडकीत वाकला.

"गाडी चालू हाय का?"

"चालू हाय की."

"मग आवाज कुटाय?"

"इलेक्ट्रिक हाय, मास्तर. आवाज नसतोय हिला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याला मुडदा दाखवून झोपलाय म्हणलं. गेला तो मागच्या सोमलिंगच्या जीपकडं. तिथं डिझेल खोकत होतं, काळा धूर निघत होता, मास्तर खुशीत आत बसला. त्याच्या मागनं सगळे. सोमलिंग खिडकीतनं दात काढून म्हणतोय, "काय बे रामहरी, गाडीनं मौन धरलंय काय?" मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला, पण मनात. माणसं ऐकत होती ना.

आता आमच्या स्टँडचा कायदा ऐका. नंबराच्या वेळेत गाडी भरून सुटली न्हाय की नंबर हुकला. लागोपाठ तीनदा हुकला की पाटीवरनं नाव पुसलं. पाटी नंबर लावणाऱ्या बिभीषणअण्णाच्या हातात, आन अण्णाच्या हातात दया न्हाय. एकदा नाव गेलं की मग गल्लीबोळात हिंडत सवाऱ्या मागायच्या, कुत्र्यावाणी. पन्नाशी उलटल्यावर मी ते करणार? आन पयला दिवस तर हुकलाच होता.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं अक्कल लढवली. जुन्या डिझेल जीपचा आवाज मोबाईलवर घेतला आन गाडीच्या स्पीकरला जोडून दिला. काय आवाज हो! घुर्र घुर्र, मधी खोकला बी. मी बोंबललो आन दहा मिंटात चार माणसं आत. आता दोनच पायजेत. छाती फुगली माझी. तेवढ्यात फोन वाजला आन डिझेल बंद पडलं. गाडीभर आमच्या मंडळींचा, सारजाबाईचा आवाज घुमला, "अहो, हाय का अजून स्टँडवरच बोंबलत? कुणी बसलं का न्हाय त्या मुक्या गाडीत?"

चारी माणसं उतरली. एकानं जाताना दार असं आपटलं की मला माझ्याच थोबाडीत बसल्यागत झालं.

तिसऱ्या दिवशी मी बोंबललोच न्हाय. स्टेअरिंगवर हात टाकून तोंड पाडून बसलो. साडेआठला बसव्वा आली. ही अक्कलकोटकडची म्हातारी, डोक्यावर कडक भाकरीची टोपली, रोज मंगळवेढ्याच्या खानावळीत पोचवती. ज्वारीच्या गावाला भाकरी विकणारी बाई, म्हंजे बघा किती पोचलेली असंल. टोपली खाली ठिवून ती कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "ए तम्मा, खरं सांग. कवा सुटणार?"

मला आलता राग. सोमलिंगचा, मास्तरचा, बायकोचा, सगळ्या जगाचा. मी ओरडलो, "नऊला!"

"खरं?"

"खरं म्हंजे खरं! आईच्यान नऊला!"

ती पुढच्या सीटवर बसली. पदराच्या गाठीतनं मोबाईल काढून मांडीवर ठिवला आन घड्याळाकडं बघत राहिली. दुसरं कुणी आलं न्हाय. नऊ वाजले. बसव्वानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

आता आईच्यान म्हणून बसलो होतो. काढली गाडी. पाच सीटं रिकामी, एक म्हातारी आन शंभर भाकऱ्या. आख्खा स्टँड आ वासून बघत होता. अण्णा पाटी घेऊन मागं पळाला, "ए रामहरी, डोकं फिरलं का तुजं? रिकामी नेतोय!" आमच्या स्टँडच्या इतिहासात भरल्याबिगर गाडी सुटली न्हवती. वाटेतल्या बेगमपूरपतूर मला रडायला येत होतं, खरं सांगतो. सव्वादहाला मंगळवेढ्यात पोचलो तर खानावळ उघडलीच न्हवती. ती पायरीवर टोपली घेऊन बसली आन म्हणाली, "इतकी वर्षं झाली, हितं कवा वाट बघायची पाळी आली न्हवती. उद्या बी नऊला का?"

"नऊला," मी म्हणलो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी अण्णानं सांगितलं, "तीनदा हुकला. पण बावीस वर्षांची वळख हाय, उद्याचा एक दिवस देतो. भरून नेलीस तर ऱ्हाशील, न्हायतर पुसतो."

घरी आलो तर सारजा लुगडी काढून बसल्याली. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या पोराचा मंगळवेढ्यात साखरपुडा, सव्वाअकराचा मुहूर्त. ही पोराची एकुलती आत्या, नवरीची पयली ओटी हिनं भरायची. महिनाभर दुसरं बोलणं न्हवतं घरात. मी म्हणलो, "मी आठला नंबरला जातो. तुझं आवरून तू नऊच्या आत स्टँडवर ये. नऊला निघणार."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "तुमचं नऊ मला ठावं हाय."

सकाळी बसव्वा आधीच येऊन हुबी, आन तिच्या मागं चार माणसं. एक कोर्टाच्या तारखेवाला, दोन शिक्षिका, एक मेडिकलवाला. म्हातारीनं गावभर सांगितलं होतं. "हीच का ती नऊला सुटणारी?" एक बाई म्हणाली. सहावी सीट मी रुमाल टाकून सारजासाठी धरली. बिभीषणअण्णा ओलं फडकं घेऊन समोर हुबा.

आठ पंचावन्न. एक जण आला, "जागा हाय का?" मी म्हणलो, "धरलीय." तो तिथंच घुटमळला.

नऊ वाजले. सारजा न्हाय. बसव्वा म्हणाली, "तम्मा, नऊ झालं."

"एकच मिनिट हं. आमची मंडळी येतायत."

तसं मागनं कट्ट करून आवाज आला. कोर्टवाल्यानं दाराची कडी वढली होती. परवा माणसं उतरली तवाचा हाच आवाज. हा एकदा उतरला की सगळे उतरणार, आन अण्णाचं फडकं पाटीवर फिरणार. मी रुमाल उचलला, घुटमळणाऱ्याला म्हणलो, "बस लवकर," आन गाडी काढली.

स्टँडच्या तोंडाला सारजा दिसली. हिरवं इरकल, नाकात नथ, गजरेवालीसंगं घासाघीस चाललेली. तिनं मला बघितलं. गाडी हळू पुढं येतीय हे बी बघितलं. आन हसून हात केला, थांबा आले म्हणून, परत गजऱ्याकडं वळली. वडापवाल्याची बायको ती! तिला वाटलं, हे चाललंय नेहमीचं मागं-पुढं, अजून तासाची निचिंती. मी तिच्या हातभर अंतरावरनं गेलो. तिनं वर बघितलं तवा मी काचेतनं हात जोडले. तिचं तोंड उघडंच राहिलं. मला तिची लई कीव आली, आन पाय तरी दाबलेलाच होता.

साखरपुड्यात मेव्हणा विचारतोय, "दाजी, आक्का कुटाय?" मी म्हणलो, "मागनं येतीय." सव्वाअकरा झाले. पंधरा मिंटं थांबले. मग पोराच्या धाकट्या काकूनं ओटी भरली. सारजा आली बाराच्या पुढं, गजरा मान टाकल्याला. कुणाशी भांडली न्हाय. नवरीच्या हातात खण-नारळ ठिवला, जेवली, आन परतीला माझ्या गाडीत बसली.

मी वाटभर शिव्यांची वाट बघत होतो. सोलापूरच्या तोंडाशी देगाव आलं तरी काय न्हाय. शेवटी मीच म्हणलो, "चुकलं माझं. पण नाव पुसलं असतं गं."

"तुमचं नाव राहिलं, बरं झालं," ती म्हणाली. "तुमी गेला त्याचं वाईट वाटलं न्हाय. सोमलिंगभावजी म्हणले, वैनी, बसा, निघालीच. इंजिन चालू. मी पळत जाऊन बसले. सव्वा तास, अहो. पुढं घेत्यात, मागं घेत्यात. मी मुहूर्त हाय म्हणून हात जोडले, तर म्हणतात, निघालीच की वैनी. माझ्या शेजारी एक बाई होती, तिचा बाप दवाखान्यात. ती रडत होती. भावजी बोंबलत होते."

मी गाडी हळू केली.

"तुमी बावीस वर्षं हेच करत होता व्हय?" सारजानं विचारलं.

गाडीचा आवाज असता तर ऐकूच आलं न्हाय म्हणलो असतो. "व्हय," मी म्हणलो.