धांदरटांना सांभाळणारं यंत्र

आमच्या वाकिसाका साहेबांचा एक हेका होता: जो शूटिंग गेम त्यांना जमत नाही तो अवघड, आणि अवघड तो रद्द. माझे दोन गेम त्यांनी असेच बाद केले. कंपनी त्यांची, पण बोटं वांग्यासारखी, सांगणार कोण? "हिसानो, तिसराही असाच निघाला, तर तू आपली मासे पकडायचे गेम कर," ते म्हणाले. मासे! उमेदीची सगळी वर्षं गोळ्यांचा मारा रचण्यात घालवली आणि आता मी बाई गळ टाकत बसणार.

म्हणून मी गेममध्ये गुपचूप एक मेख मारून ठेवली. खेळणारा जितका धांदरट तितक्या समोरून येणाऱ्या गोळ्या विरळ. जितका पटाईत तितका मारा जास्त.

नवं यंत्र विकण्याआधी आम्ही ते एखाद्या गेम सेंटरात ठेवतो आणि गिऱ्हाईक असल्यासारखे मागे उभे राहतो. ओळख द्यायची नाही, हा नियम. त्या दुपारी कावासाकी शहरात साहेब स्वतःच खेळायला बसले. एका नाण्यात तीन विमानं. दोन लगेच पडली, मग माझं यंत्र विरघळलं आणि तिसऱ्यावर साहेबांनी चक्क पहिला टप्पा पार केला. घाम पुसत ते मोठ्याने म्हणाले, "झकास बनवलाय हो कुणीतरी." मी मनात म्हटलं, जिंकले बाई.

जेवणाच्या सुट्टीत नेहमी येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीण उगाकीबाई मागून हा खेळ बघत होत्या, त्या आता बसल्या. त्यांचा हात इतका सफाईचा की यंत्र पिसाळलंच. बराच वेळ झुंजूनही पहिल्याच टप्प्यात तिन्ही विमानं गेली. साहेबांना हसू आवरेना. "सरावाने जमतं, बाई."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दुसरं नाणं टाकलं आणि सुरुवातीलाच दोन विमानं मुद्दाम नेऊन आपटली. गोळ्या विरळ झाल्या. टप्पा आरामात पार करून त्या वळल्या. "हे यंत्र धांदरटांना सांभाळून घेतं. तुम्हाला बरंच सांभाळलेलं दिसतंय, काका."

मागची पोरं फिदीफिदी हसली. साहेबांचे कान लाल झाले. आता मला मासेसुद्धा मिळतात की नाही कोण जाणे.

"हिसानो," सगळ्यांदेखत नियम मोडून ते म्हणाले, "किल्ली आण. हे लाड बंद कर."

मी यंत्र उघडून एक खटका दाबला. साहेब बसले आणि बघता बघता तिन्ही विमानं घालवून बसले. पुन्हा नाणं टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यासाठी ते उठून खिसा चाचपत होते, तोवर उगाकीबाई त्यांच्या जागेवर बसल्यासुद्धा.

"साहेब," मी भीत भीत विचारलं, "गेम ठेवायचा की रद्द?"

"रद्द कसला करतेस," पडद्यावरची नजर न काढता ते खेकसले. "आधी त्या बाईंना उठव."