पिचवरचा पुंजणा

दोन हजार तीन साल होतं. गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी आमच्याकडची माणसं 'आपला जिल्हा' म्हणताना तिरोडा-आमगावपर्यंतचं बोलायची. जिल्ह्यासोबत रविवारच्या मॅचेसही वेगळ्या झाल्या. पूर्वी तिकडच्या टीमा रेल्वेने वरठीला उतरून खेळायला यायच्या. मग त्यांनी त्यांचं पाहिलं आणि भंडाऱ्याच्या आसपासच्या आठ गावांनी आपलं. नेम साधा होता. धानाची कापणी आटोपली की दर रविवारी मॅच. ज्या गावात मॅच, त्या गावाने पिच द्यायचं, नवा बॉल द्यायचा आणि पाहुण्यांना जेवू घालायचं.

आमचं गाव शहापूरहून थोडं आत. टीमचं नाव नवयुवक क्रिकेट क्लब. त्यात नवयुवक म्हणावा असा पुंडलिकरावांचा अमर एकटाच. बाकी सगळे लेकराबाळांचे बाप. कॅप्टन माझा धाकटा दीर घनश्याम. तो विणकर, दिवसभर मागावर बसायचा. खड्ड्याचा माग, पाय खाली पावड्यांवर, मान वाकलेली. सहा दिवस असा बसलेला माणूस रविवारी पांढरी पँट चढवून उभा राहायचा तेव्हा जरा उंचच दिसायचा. ती पँट मी नीळ घालून धुवायची, कारण माझ्या जावेला क्रिकेटचा राग होता.

पण चार वर्षं आमची टीम नुसती दुसऱ्यांच्याच गावी जात होती. आमच्याकडे मैदान नव्हतं. शाळेचं आवार एवढंसं, आणि बाकी जिकडेतिकडे बांध घातलेली धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या. खेळायला गेले की पोटभर जेवून यायचे, आणि बोलणीही खाऊन यायचे. वरठीचा कॅप्टन तेजराम तर आमची माणसं सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचा, "या जी घनश्यामभाऊ! टीम आणली का पंगत?"

तेजराम पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रांवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे त्याचा टोमणा एका जागी राहत नसे, चारी बाजूंना ऐकू जायचा. घनश्याम तिथे हसायचा आणि घरी आला की रात्रीचं जेवायचा नाही.

त्या दिवाळीत आठही गावांचे कॅप्टन शहापूरला बसले आणि ठरलं, की ज्या गावाने या हंगामात आपल्याकडे एक तरी मॅच दिली नाही, ते गाव पुढच्या सालापासून बाहेर. नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. घनश्याम घरी आला तो सरळ चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसला.

"वहिनी, क्लब गेला समजा."

"असा कसा जाते?" मी म्हटलं. "निर्मलाबाईले विचारून पाहा. त्यांची गावामागची बांधी कापून झाली."

निर्मलाबाई म्हणजे अमरची आई. तिचे मालक, पुंडलिकराव, लेकीच्या बाळंतपणासाठी पवनीला जाऊन बसले होते. निर्मलाबाईने एका पायावर हो म्हटलं. "घ्या न बाप्पा. रविवारपुरतीच तर पाह्यजे. आमचे मालक आले की मी सांगतो त्यायले." आमच्याकडे बायाही 'सांगतो', 'करतो' असंच बोलतात.

डिसेंबरातला पहिला रविवार ठरला. वरठीच्या टीमशी मॅच. पिच कसं करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही धान चुरायचा, म्हणजे मळायचा, खळा करतो तसंच केलं. घनश्यामने लांबी मोजली ती मागावरच्या मापाने. नऊवारी लुगडं दोनदा आणि वर चार वार. धसकटं काढली, मुरूम पसरला, पाणी मारून धुमसाने ठोकून काढला. आणि शनिवारी आम्ही पाच बायकांनी शेणाने सारवून घेतलं. गावात सारवणात माझा हात धरणारी कोणी नव्हती, हे मी सांगत नाही, गाव सांगत होतं. संध्याकाळी ती पट्टी अशी दिसत होती की वर ताट मांडून जेवावं.

पुंडलिकराव आले ते त्याच शनिवारी, शेवटच्या बसने. थकून आले होते, जेवले आणि झोपले. उद्या सकाळी सांगू म्हणून निर्मलाबाई गप्प राहिली. सकाळी ती अंधारातच माझ्याकडे स्वयंपाकाला आली, अमर शहापूरला चुना आणायला गेला, आणि पुंडलिकराव उठून, कोणाला न विचारता, आपली बांधी पाहायला गेले.

भात, रस्सा आटोपून वड्यांचा पहिला घाणा निघायचा होता तेवढ्यात घनश्याम धावत आला. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली.

"वहिनी! काकानं पिचवर पुंजणा रचला!"

निर्मलाबाईच्या हातातला झारा तसाच राहिला.

आम्ही बांधीवर गेलो. पिचच्या बरोबर मधोमध धानाच्या भाऱ्यांची गंजी उभी. माणसाच्या दीडपट उंच, गोल, शेंड्याला निमुळती. पायथ्याशी कुंकू लावलेलं, नारळ फोडलेला. बाजूला दोन रिकामे खाचर, म्हणजे बैलगाड्या, आणि भारे वाहून दमलेले दोन गडी. पुंडलिकराव कमरेवर हात ठेवून आपलं काम पाहत होते, आणि बायकोला पाहिलं तसा त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो त्यांच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"पाहा सत्यवतीबाई!" ते मलाच म्हणाले. "मी धा साल म्हणून राहिलो, धान टॅक्टरनं चुरू. हे म्हणे, नाही, बैलानंच. आन् आता पाहा! मी गावाले गेलो तं यिनं गुपचूप टॅक्टरचा खळा सारवून ठेवला!"

"टॅक्टरचा?" निर्मलाबाई म्हणाली.

"मंग? बैलाचा खळा गोल असते. हा लांबोडा काहून? टॅक्टर सरळ जाते, सरळ येते, म्हून! मी पाहता बरोबर समजलो."

निर्मलाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं सांगायचं होतं, पण त्या चेहऱ्याकडे पाहून तिच्याने सांगवेना. तिचा ट्रॅक्टरवर राग होता तो तणसीपायी, धानाच्या पेंढ्यापायी. ट्रॅक्टरखालच्या तणसीला डिझेलचा वास येतो आणि बैल तोंड लावत नाही, असं ती दहा वर्षं सांगत आली होती.

शेवटी घनश्यामनेच सांगितलं. हात जोडून सांगितलं, की हा खळा नाही, पिच आहे, आज वरठीची टीम येऊन राहिली, मॅच नाही झाली तर आमचा क्लब बाहेर.

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. ते बायकोकडे पाहत राहिले. "म्हणजे टॅक्टरचं नाही?"

तिने पायाशी पडलेली लोंब उचलून पदरात घेतली.

"काका, हे भारे आम्ही अलगद उचलून त्या कोपऱ्यात रचून देतो," घनश्याम म्हणाला. "एक लोंब खाली पडू देत नाही."

"ना बाप्पा." आता त्यांचा आवाज निराळा झाला. "पूजा झालेला पुंजणा हालवत नसतेत. माह्या बापानं नाही हालवला, आज्यानं नाही. पुंजणा मोडाचा तं चुरालेच मोडाचा."

हे आम्हालाही माहीत होतं. रचलेला, पुजलेला पुंजणा उगीच हलवला तर घरातलं धान पुरत नाही, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. घनश्याम धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, जाऊन बसला. अमर चुन्याची पिशवी घेऊन आला, त्याने पुंजण्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात रस्त्यावरून धडधड आली. वरठीची टीम ट्रॉलीत उभी राहून येत होती. ट्रॅक्टर तेजरामच्या भावाचा, चालवत होता तेजराम स्वतः. धुऱ्याशी थांबून त्याने आधी पिच पाहिलं, मग पिचवरचं पाहिलं.

"घनश्यामभाऊ! आमच्याकडे तीन स्टंप असतेत. तुमच्याकडे हा एकच का? मोठा आहे पण!"

ट्रॉली हसली. आमच्यातलं कोणी हसलं नाही. तेजराम खाली उतरला, घनश्यामचा चेहरा पाहिला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "काय झालं बे?"

घनश्यामने सांगितलं. तेजराम डोकं खाजवत उभा राहिला. "पाहा भाऊ, पिच नाही तं मॅच नाही. मी नाही म्हणत, आठ गावं म्हणतीन. मी काय करू?"

मी निर्मलाबाईकडे पाहत होते. ती ट्रॅक्टरकडे पाहत होती. मग तिने पदर खोचला.

"अमरचे बाबा," ती म्हणाली, "पुंजणा चुरालेच मोडाचा, असंच न?"

"असंच."

"मंग टॅक्टर आला आहे न दारात. चुरा!"

पुंडलिकराव तिच्याकडे पाहतच राहिले. "टॅक्टरनं?"

"टॅक्टरनं."

"आन् तणसीचा वास?"

"यंदा बैलायले मी समजावून सांगतो."

पुढचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. तेजरामने आधी का-कू केली, की भाऊ रागावेल, की आम्ही पावणे आहोत का मजूर. पण त्याची पोरं केव्हाच पँटी दुमडून भारे सोडायला लागली होती. कारखान्यात जात असली तरी सगळी शेतकऱ्यांचीच लेकरं. पिचवर धान पसरलं, आणि तेजराम ट्रॅक्टर त्या लांब पट्टीवर सरळ नेऊ लागला, सरळ आणू लागला. पुंडलिकराव बाजूने चालत होते, लग्नातल्या वरबापासारखे. "आंगा! थोडा आंगा, इकडं! हां, तसाच!" दोन्ही टीमा मिळून तणीस झटकत होत्या, ढीग लावत होत्या. आम्ही बायांनी दाणे गोळा करून उफणायला बाजूला नेले. आणि जेवण, जे मॅचनंतर व्हायचं, ते आधीच झालं. भुकेल्या बावीस माणसांनी भात, वांग्याचा रस्सा आणि वडे असे चापले की शेजारच्या घरातून आणखी भात आणावा लागला. तेजराम बोटं चाटत म्हणाला, "पंगत तं झाली. आता टीम दाखवा."

पिच झाडलं तेव्हा सगळेच चाट पडले. पसरलेल्या धानावरून ट्रॅक्टर फिरून फिरून माझं सारवण दगडासारखं बसलं होतं. आठ गावांत तसं पिच कोणाकडे नव्हतं.

दिवस कलला होता म्हणून बारा-बारा ओव्हर ठरल्या. तणसीचा मोठा ढीग धुऱ्याच्या आत होता, तो हलवायला वेळ नव्हता. तेजराम आणि घनश्यामने नेम केला: बॉल तणसीत गेला तर रन नाही, औट नाही, तो बॉल पुन्हा टाकायचा.

वरठीने आधी खेळून बरेच रन केले. अमरने तीन जणांना बाद केलं आणि प्रत्येक वेळी पुंडलिकरावांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे चांगलं झालं का वाईट?" मग आमची माणसं खेळायला उतरली. शेवटची ओव्हर टाकायला तेजराम स्वतः आला, समोर घनश्याम. शेवटच्या बॉलला चार रन पाहिजेत. माझी जाऊ, जिला क्रिकेटचा राग होता, ती माझा दंड धरून उभी होती. सूर्य बांधीच्या टोकाला टेकलेला.

तेजरामने टाकला, घनश्यामने डोळे मिटून फिरवला असावा. बॉल उंच गेला आणि तणसीच्या ढिगात गप्प झाला.

"पुन्हा!" तेजराम ओरडला. "पुन्हा टाकाचा!"

पण टाकणार काय? बॉल सापडेना. दोन्ही टीमा ढिगात शिरल्या, तणीस उपसली, एकमेकांच्या अंगावर पडले. दुसरा बॉल नव्हता. यजमानाने एक नवा बॉल द्यायचा, आम्ही एकच दिला होता. अंधार पडला.

"मॅच झाली का नाही झाली?" घनश्यामने विचारलं.

तेजरामने कपाळावरची तणीस काढली. "अर्धवट राहिली. एक बॉल बाकी आहे. तो टाकाले पुढच्या साली इथंच या लागन. बाहेर कसे काढतीन तुमाले? आठ गावायले मी सांगतो."

घनश्याम त्या रात्री दोनदा भात मागून जेवला.

बॉल वैशाखात सापडला. निर्मलाबाईच्या बैलाने गव्हाणीतून तणसीसोबत तोंडात घेतला आणि थुंकला. शिवण उसवलेली, एका बाजूला दातांच्या खुणा. वासाबद्दल बैलाची काही तक्रार नव्हती.

पुढच्या डिसेंबरात वरठीची टीम आली तेव्हा सगळ्यांत आधी तो एक बॉल टाकायचं ठरलं. घनश्याम बॅट घेऊन उभा राहिला. तेजराम बॉल हातात फिरवत राहिला, धावत आला, आणि मध्येच थांबला.

"राहू दे भाऊ," तो म्हणाला. "हा टाकला तं पुढच्या साली मी कायले येऊ?" आणि त्याने बॉल आणून माझ्या हातात दिला.

पुंडलिकराव दोन हजार अकराच्या हिवाळ्यात गेले. तोवर दरवर्षी त्यांचं धान त्याच लांब खळ्यावर ट्रॅक्टरने चुरलं, आणि खळा आम्ही दुसऱ्या दिवशी झाडून क्रिकेटला देत होतो. निर्मलाबाई आहे, कान गेले आहेत. ट्रॅक्टरची गोष्ट निघाली की मात्र ऐकू येते. अमर नागपूरला नोकरीला आहे, रविवारी तिथल्या मैदानावर अंपायर उभा राहतो. माझ्या जावेने त्या वर्षीपासून पांढरी पँट स्वतः धुवायला घेतली. घनश्यामचा माग पंधराएक वर्षांपूर्वी बंद झाला. त्याने किराण्याचं दुकान टाकलं. गुडघे गेले तरी रविवारी शटर अर्धंच उघडं असतं, कारण मालक बांधीवर असतो. तिथे आता सिमेंटचं पिच झालं आहे. मी त्याला अजून हात लावून पाहिलेला नाही.

तेजराम कारखान्यातून निवृत्त झाला आणि वरठीलाच राहतो. डिसेंबर लागला की मोटारसायकलवर मागे नातवाला बसवून येतो, माझ्या दारात थांबतो आणि अजून तेवढ्याच आवाजात विचारतो, "सत्यवतीबाई, बॉल आहे न जाग्यावर?"

आहे. कोनाड्यात, देवाच्या खालच्या खणात.