लुर्देसचे विषाणू

"श्वास रोखू नकोस, एलियट. घेरी येऊन पडलास तर उचलायचं कोणी?" लुर्देस म्हणाली खरी, पण श्वास तिनेही रोखलाच होता.

उन्हासारख्या प्रखर दिव्याखाली नखाएवढी, वीज बनवणारी सौर काच ठेवली होती. तिच्या पोटात लुर्देसने वाढवलेले विषाणू होते. केंब्रिजच्या या प्रयोगशाळेत तिचं वर्षानुवर्षं तेच काम. जिवाणूंच्या गढूळ पाण्यात विषाणू वाढवायचे, स्वच्छ करायचे आणि एलियटसारख्या संशोधकांच्या हाती द्यायचे. माणसाला त्यांचा उपद्रव नव्हता. त्यांची घडण अशी बदलली होती की, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना ते धरून ठेवतील, एकमेकींत गुंतू देणार नाहीत. मोकळ्या नळ्यांवरून वीज सुरळीत धावावी, एवढाच हेतू. पण दर खेपेला गुंता व्हायचाच. आजही झाला, तर काम गुंडाळायचं ठरलं होतं.

पडद्यावरचा आकडा चढू लागला. विषाणू नसलेल्या साध्या सौर काचेचा आकडा मागे पडला, तरी थांबेना.

"दिवा नीट लावलायस ना?"

"लावलाय गं!"

"मग पुन्हा मोज."

पुन्हा तेच. वीज जवळपास एक तृतीयांश जास्त! एलियटने आरोळी ठोकली आणि लुर्देसला उचलून गरागरा फिरवलं.

"अरे सोड, मेल्या! हाडं मोडशील माझी!" ती ओरडत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

बसमधून उतरल्यावर ती जवळजवळ धावतच घरी आली. तिचे म्हातारे वडील, झेफेरिनो, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात जवळजवळ लुळा पडला होता.

"बाबा, जमलं! माझ्या विषाणूंनी वीज वाढवली!"

"जिवंत असतात का गं ते?"

"धड जिवंत नाहीत, धड मेलेलेही नाहीत. पण कामाला पक्के."

म्हातारा हसला. "म्हणजे माझ्यासारखेच. कामाचं तेवढं सोडून."

 सूपसाठी तिने पालेभाजी आणि बटाटे ओट्यावर काढले.

"ती सुरी इकडे दे," झेफेरिनो म्हणाले.

तिने दिली. लुळ्या हाताने बटाटा छातीशी दाबून ते डाव्या हाताने साल काढू लागले. साल जाड निघत होती, मध्येच तुटत होती. लुर्देसने मदत केली नाही. शेजारी बसून ती नळ्यांची, विषाणूंची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.