सायमीसाठी बांधलेली केबिन

पिल्वीने आजवर लोकांसाठी बरीच घरं बांधली होती, पण आईसाठी बांधलेलं हे पहिलंच. डांबर लावलेल्या काळ्या लाकडाची, दोन माणसांपुरती छोटीशी केबिन. मागे स्प्रूसचं दाट जंगल, पुढे मुस्तालाम्पी नावाचं तळं आणि तळ्याकडची सबंध भिंत काचेची. पलंग तिने मुद्दाम खिडकीला लागून, बुटका केला होता. आजारी माणसाला उशीवरून डोकं न उचलता पाणी दिसावं म्हणून. गाडी दारापर्यंत येऊच नये, शेवटचा टप्पा माणसाने झाडांतून चालतच यावं, ही कल्पनाही तिचीच. दलदलीवरून तिने लाकडी फळ्यांची अरुंद वाट करून घेतली होती. एका मासिकात केबिनचे फोटो आले तेव्हा सगळ्यांनी त्या वाटेचंच जास्त कौतुक केलं.

जागाही तिने शोधून शोधून घेतली होती. तिची आई सायमी उत्तरेकडच्या काइनू प्रांतातली, याच मुलखातल्या एका लाकूडतोड्याची मुलगी. सोळाव्या वर्षी ती हेलसिंकीला गेली, ट्राममध्ये तिकिटं फाडू लागली, तिथेच लग्न केलं, तिथेच विधवा झाली. गावाकडे म्हणून ती पुन्हा कधी फिरकली नाही. आधी कामातून सवड नव्हती, मग संसार, मग तिथे कुणी उरलं नाही, असं पिल्वीने आपल्या मनाशी धरून ठेवलं होतं. आईने तसं कधी सांगितलं नव्हतं. पिल्वीनेही कधी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की सायमीच्या आजारावर आता औषधांचा उपयोग नाही, त्रास मात्र होईल. त्या दिवशी घरी येताना ट्राममध्येच पिल्वी म्हणाली, "आई, सप्टेंबरात आपण केबिनवर जाऊ. झाडांना रंग चढलेला असेल."

सायमी खिडकीबाहेर बघत होती. "ने कुठे न्यायचं तिथे. तू एवढं बांधलंयस, बघायला तर हवंच."

कायानीला विमानातून उतरून त्यांनी गाडी घेतली. सायमी पुढच्या सीटवर बसून गाडी देणाऱ्या पोराच्या मिशांवर बोलत होती. गावाच्या नावाची पाटी आली तशी ती बोलायची थांबली. पिल्वीला वाटलं, आईला भरून आलं. तिने आईच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

फळ्यांच्या वाटेवरून चालताना सायमीला दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी ती धापा टाकत म्हणाली, "दारापर्यंत रस्ता केला असतास तर जंगल काय पळून गेलं असतं का गं?"

"चालत आलं की मन शांत होतं, आई."

"माझा श्वास शांत व्हायची वेळ आलीय. मनाचं नंतर बघू."

दोघी हसल्या. केबिनपाशी आल्यावर सायमीने भिंतीवरून हात फिरवला, चूल उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला. "पाणी आत आलंय, हे बरं केलंस," ती म्हणाली. मग काचेच्या भिंतीकडे बघून, "आणि पडदे?"

"पडदे नाहीत. बघायला आहे कोण इथे?"

"तेच तर," सायमी म्हणाली.

पिल्वीने कॉफी केली. काळ्या पावावर लोणी आणि खारवलेला मासा घालून तिने आईची खुर्ची तळ्याकडे तोंड करून मांडली आणि ती चमचे आणायला वळली. परत येऊन बघते तो आईने खुर्ची फिरवून चुलीकडे तोंड केलेलं. काचेतून गारवा लागत असेल, असं वाटून पिल्वीने खुर्ची पुन्हा वळवली आणि आईच्या पायांवर घोंगडी घातली. थोड्या वेळाने सायमी उठली आणि जळणाच्या पेटीवर जाऊन बसली. तळ्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी तळ्यापलीकडे राहणारा काउको ताजे मासे घेऊन आला. बांधकामाच्या वेळी त्यानेच पिल्वीला फळ्या वाहून दिल्या होत्या. सत्तरी ओलांडलेला, बडबड्या माणूस. त्याने सायमीला नमस्कार केला, तिने मासे पालटून पाहत, कुठल्या जाळ्यातले, असं विचारलं. काउकोने मान तिरकी केली.

"बाई, तुम्ही आपल्याच इकडच्या. बोलण्यात हेल आहे. कुणाच्या तुम्ही?"

"मी हेलसिंकीची," सायमी म्हणाली. "तिथल्या ट्राममध्ये सगळ्या मुलखाचे लोक चढतात. त्यांचा हेल लागला असेल."

काउकोने पिल्वीकडे पाहिलं, पिल्वीने जमिनीकडे. तो बिचारा कॉफी न घेताच उठला.

तो गेल्यावर पिल्वीचा तोल गेला. "का खोटं बोललीस? तीन वर्षं मी या जागेसाठी घातली. तुझं गाव म्हणून, तुझं जंगल म्हणून! आणि तू आल्यापासून पाठ फिरवून बसलीयेस. आवडलं नसेल तर तसं सांग ना सरळ."

"छान आहे."

"छान आहे म्हणू नकोस!"

सायमी मासे साफ करत होती. सुरी खाली ठेवून तिने हात धुतले, पुसले आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. दुपारचं ऊन तळ्यावर पडलं होतं.

"मला एक भाऊ होता," ती म्हणाली. "तौनो. चार वर्षांचा."

पिल्वीने हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"बाप घोडा घेऊन हिवाळाभर लाकडं तोडायला दूर. घरात मी, आई आणि तो. त्याचा घसा सुजला. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. रस्ता अशाच एका गोठलेल्या तळ्याच्या पलीकडे, त्या रस्त्यावरून दुधाची गाडी जायची, ती गाठली तर डॉक्टर. आईने त्याला घसरगाडीवर बांधलं, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून. ती पुढून ओढत होती, मी मागून ढकलत होते. आई म्हणाली, त्याला झोपू देऊ नकोस, बोलत राहा त्याच्याशी. मी बोलत राहिले. तो पण बोलत होता. थंडी वाजते म्हणाला, घोडा कुठाय म्हणाला. आम्ही तळ्याच्या मध्यावर असू. मग तो बोलेना."

पिल्वी उभीच होती.

"मला कळलं होतं. बारा वर्षांच्या पोरीला कळतं. पण आईला सांगितलं असतं तर ती तिथेच बर्फात बसली असती, उठली नसती. मग मीच बोलले. माझ्या आवाजात विचारायचे, 'थंडी वाजते का रे?' आणि त्याच्या आवाजात उत्तर द्यायचे, 'नाही वाजत.' आई पुढून म्हणायची, 'शहाणं माझं बाळ.' असं पार रस्त्यापर्यंत."

"आणि मग?"

"मग काय. आईने कातडं बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही माझ्याशी. रागावली होती की काय, मला अजून कळलेलं नाही." सायमीने काचेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "चहूकडे झाडं आणि हाकेला माणूस नाही. तुला ही शांतता वाटते. हेलसिंकीत ट्रामवर पहिल्या दिवशी उभी राहिले ना, प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती. ओली, शिंकणारी, भांडणारी. मला वाटलं, आता कुणी मरणार नाही."

"आई, तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

"तू शाळेत निबंध लिहिला होतास, 'माझ्या आईचं जंगल'. बाईंनी भिंतीवर लावला होता. मला हात धरून दाखवायला नेलंस." ती थोडी हसली. "त्यानंतर काय सांगणार?"

पिल्वी कपाटाकडे गेली. तिने केबिनमधल्या होत्या तेवढ्या घोंगड्या आणि चादरी काढल्या, हातोडी आणली आणि काचेच्या वरच्या गुळगुळीत पट्टीवर खिळे ठोकायला सुरुवात केली. त्या पट्टीसाठी ती सुताराशी आठवडाभर भांडली होती. लाकूड एका जागी चिरलं. सायमी म्हणाली, "अगं, राहू दे, खराब होतंय," पण पिल्वी ठोकत राहिली. तळं झाकलं गेलं. चुलीच्या उजेडात दोघींनी मासे खाल्ले आणि सायमीने ट्राममधल्या एका दारुड्याची गोष्ट सांगितली. तो रोज एका कुत्र्याचं तिकीट काढायचा आणि कुत्रा त्याच्याकडे नव्हताच. पिल्वी खूप हसली. सकाळी उठून घरी जायचं ठरलं.

सकाळी सायमीला उठता येईना. अंग तापलं होतं, ओठ निळसर पडले होते. पिल्वीने आधी रुग्णवाहिकेला आणि मग काउकोला फोन केला. रुग्णवाहिका निघाली, पण ती रस्त्यापर्यंतच येणार होती आणि तिला यायलाही वेळ लागणार होता. पुढे वाट होती, पिल्वीची, फळ्यांची, एका माणसापुरती.

काउको जळण वाहायची दोन चाकांची गाडी घेऊन धावत आला. फळ्यांवर गाडीची दोन्ही चाकं मावेनात. एक चाक दलदलीत रुतायचं. शेवटी त्याने गाडी सोडून दिली, केबिनचं लाकडी दार बिजागऱ्यांवरून काढलं आणि त्यावर गादी घालून दोघांनी सायमीला उचललं. काउको पुढे, पिल्वी मागे. थोडं चाललं की टेकवायचं, दम खायचा, पुन्हा उचलायचं.

"आई, ऐकतेस ना?"

उत्तर आलं नाही.

"आई!"

"ऐकतेय गं," सायमी डोळे मिटूनच म्हणाली. "पायाखाली बघ. पाडशील मला."

काउको पुढून घाईघाईने म्हणाला, "पोहोचलोच बाई, आलाच रस्ता."

"तुम्ही कोर्होनेनांकडचे का?" सायमीने विचारलं. "तुमचा बाप असाच खोटं बोलायचा."

काउकोची पाठ हलली. तो हसला की रडला, ते पिल्वीला मागून कळलं नाही.

कायानीच्या हॉस्पिटलात सायमी आणखी काही दिवस जगली. हेलसिंकीपर्यंतचा प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. खोलीच्या खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसायची. नर्सने, दुसरी बाजू देऊ का, तिकडून झाडं दिसतात, असं विचारलं तेव्हा मायलेकी एकदमच नको म्हणाल्या. सायमी उशीला टेकून बघत बसायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाला गाडी नीट लावता येत नाही. "त्या बाईचं बघ, तिसऱ्यांदा मागे घेतेय," असं एका सकाळी ती म्हणाली. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. पिल्वी हात धरून बसली होती. हात सुटला तेव्हा बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत होती.

आईला हेलसिंकीतच पुरायचं, यात पिल्वीला शंका नव्हती. पण निघण्याआधी ती आईच्या गावच्या चर्चकडे गेली. दफनभूमीत बर्चची पिवळी पानं पसरली होती. तिने एकेक दगड वाचला. जुने, शेवाळलेले, वाकलेले. तौनो कुठेच नव्हता.

पानं झाडणारी एक बाई बराच वेळ तिच्याकडे बघत होती. शेवटी तिने खराटा झाडाला टेकवला आणि ती जवळ आली.

"कुणाला शोधताय?"

"मामाला," पिल्वी म्हणाली. हा शब्द तिने जन्मात कधी उच्चारला नव्हता.

"वय काय होतं? वयावरून जागा सांगता येते मला."

"चार."

 बाईने पिल्वीच्या कोपराला धरून तिला भिंतीकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथे दगड नव्हते, नुसतं गवत होतं, जरा उंचसखल. "त्या वयाची मुलं इथे आहेत," ती म्हणाली. "लाकडी क्रूस होते. कुजून गेले. नेमका कोण कुठे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

पिल्वी गवतात गुडघ्यांवर बसली.  बाई तिथून हलली नाही. पाऊस यायला लागला तेव्हा तिने आपल्या अंगातला रेनकोट काढून पिल्वीच्या खांद्यांवर टाकला आणि तीही शेजारी उभी राहिली.