निळी माती लागली की थांबायचं

मी एक जुना खंदक आहे. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एका शेतघराभोवती मी चौकोनात पडलेलो आहे. मित्रांनो, खंदक म्हटलं की तुम्हाला किल्ला आणि तोफा आठवतील. तसलं काही नाही. सातशे वर्षांपूर्वी हॅमो नावाच्या शेतकऱ्याने मला खणून घेतलं, ते चोरांना अडवायला थोडं आणि शेजाऱ्यांना जळवायला जास्त.

इथली जमीन रेताड. पाणी टिकेना. तेव्हा हॅमोने तळाला निळी चिकणमाती अंथरली आणि बैल फिरवून ती तुडवून घेतली. त्या हातभर थरावर माझा सगळा संसार चालला. घर कितीदा पडलं, कितीदा बांधलं. मी तोच राहिलो. माझ्यात मासे वाढले, बदकं पोहली. अधूनमधून माणसं गाळ काढून शेतात टाकत. निळी माती लागली की फावडी थांबत. हे कुणाला सांगावं लागत नसे.

मग फावडी गेली. गाळ साचला, लव्हाळी माजली, माझं डबकं झालं. घरची म्हातारी विनिफ्रेड खिडकीशी बसून मुलाला, क्लाइव्हला, सांगायची की लहानपणी ती इथे होडी वल्हवत असे. एकदा तरी ते पाणी पुन्हा चमकताना तिला पाहायचं होतं.

ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेली आणि क्लाइव्हने मशीन मागवलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर गंमत गेली असती. उरलंसुरलं पाणी उपसलं, काळा गाळ निघाला. मग निळी माती लागली.

"ही खाली कसली घाण आहे?" मशीनवाल्याने विचारलं.

"काढ तीपण. आईसाठी करतोय, अर्धवट नको," क्लाइव्ह म्हणाला.

मी काय करणार? खंदकाला तोंड नसतं. मला फार भीती वाटली.

हिवाळाभर पाऊस पडला आणि रेतीत जिरला. एके दिवशी विनिफ्रेड काठी टेकत काठावर आली. गाळाच्या ढिगात निळी ढेकळं वाळून तडकली होती. तिने एक उचललं, बोटांनी चोळलं आणि माझ्या कोरड्या तळाकडे पाहिलं.

"पुढच्या पावसात भरेल ना गं, आई?" मागून आलेल्या क्लाइव्हने विचारलं.

तिने ढेकूळ हळूच पाठीमागे टाकलं. "भरेल की. घाई काय आहे?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण हात लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठे थांबायचं ते. माझी वेळ गेली. पाऊस आला की विनिफ्रेड अजूनही खिडकीशी येऊन बसते, पण क्लाइव्ह घरात असला तरच.